रखमाने दिलेली खबर

कातळवाडी, तालुका मालवण
६ जानेवारी १९५७

चि. दौलत,

तुझं तीन पानी पत्र मिळालं. त्यात समितीच्या सभा, मोर्चे आणि घोषणा भरपूर होत्या. तू जेवतोस कुठे आणि खोकला गेला की नाही, याबद्दल एक ओळ नव्हती. असो. मुंबई महाराष्ट्राला मिळाली की तेही कळव.

आता कामाचं. आजी दिवाळीपासून अंथरुणावर आहे. शाळा सुटली की मी तिच्याजवळ बसते. तिला एकच ध्यास लागलाय. आजोबांचं काय झालं ते मरायच्या आधी कळायला हवं. कोंडीराम आजोबा लालबागला गिरणीत होते आणि अठरा सालच्या तापाच्या साथीत गेले, असा निरोप गावात आला, एवढं तुला ठाऊक आहे. आजीने तो निरोप कधी मानलाच नाही. गेली अडतीस वर्षं ती कपाळभर कुंकू लावते आणि हातात हिरव्या बांगड्या भरते. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नाही. पाठीमागे हसतात, ते तिलाही ऐकू येतं. आता म्हणते, माझं मढं सजवाल तेव्हा हिरवं नेसवायचं की पांढरं, ते ठरलेलं असू दे.

तू म्युनिसिपालिटीच्या कचेरीत लागल्यापासून तिने धोशाच लावलाय. सरकारच्या वहीत मेलेल्यांची नावं असतात, ती बघ म्हणते. आणि एक अट आहे. नुसतं नाव नको. त्या ओळीत जे जे लिहिलं असेल ते सगळं कळवायचं, खबर कुणी दिली तेसुद्धा. का, ते सांगत नाही. विचारलं की भिंतीकडे तोंड करते.

एवढं कर रे. तिच्या हातात फार दिवस नाहीत.

तुझी,
बकुळाताई

—

लालबाग, मुंबई
२७ जानेवारी १९५७

ती. बकुळाताईस,

खोकला गेला. जेवतो खाणावळीत. आता रागावू नकोस.

कचेरीतले बाबुराव जुन्या वह्या सांभाळतात. त्यांच्या हातापाया पडून चार दिवस मधल्या सुट्टीत तिथे बसलो. ताई, अठरा सालच्या वह्या बघवत नाहीत गं. एरवी वर्षभर पुरतील एवढी पानं त्या ऑक्टोबरच्या एका महिन्यात भरली आहेत. नावामागे नाव, आजार तोच. लिहिणाऱ्याचा हातसुद्धा थकला असावा, कारण पुढे पुढे अक्षर वेडंवाकडं होत गेलंय. मी आपला बोट ठेवून खाली सरकत होतो आणि मनात म्हणत होतो, नको सापडू दे. पण सापडलं.

खालचं आजीला वाचून दाखव:

‘आजी, आजोबा गेले ते खरं आहे. कोंडीराम सखाराम पालव, वय बत्तीस, विणकामाच्या खात्यात साचेवाला, राहणार लालबाग. १२ ऑक्टोबर १९१८ रोजी तापाने वारले. चाळीतल्या लोकांनी रीतसर अग्नी दिला. खबर देणाऱ्याच्या नावावर शाई सांडली आहे, ते काही लागत नाही. आजी, तू जीवाला त्रास करून घेऊ नकोस.’

ताई, तिला फार खोदून विचारू देऊ नकोस. जे झालं ते झालं. मलाही आता निवडणुकीच्या धामधुमीत पुन्हा तिथे जाणं जमायचं नाही.

तुझा,
दौलत

—

कातळवाडी
६ फेब्रुवारी १९५७

चि. दौलत,

तुझं पत्र वाचलं आणि आजीने दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, अग्नीच दिला ना? मी म्हटलं, हो, तसंच लिहिलंय. दुसरी, खबर कुणी दिली? मी शाईचं सांगितलं. तिने मला पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग म्हणाली, ‘अग्नी दिलो तर तोच.’ आणि स्वतः उठून बसली.

दुसऱ्या दिवशी भावकीतल्या बायका आल्या. इतकी वर्षं हसणाऱ्याच त्या सगळ्या. बांगड्या फोडताना तिचं मनगट इतकं बारीक झालेलं दिसलं की मला बघवेना. कपाळावरचं कुंकू पुसलं तरी खाली तांबडा डाग उरला, तो काही जाईना. एकजण पदराने घासत राहिली. आजी म्हणाली, ‘पुरे गो, कातडा सोलशीत.’

क्रियेला भावकीतले कुशाबाकाका बसले. तू येशील असं तिला वाटलं होतं.

तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. रडलीही नाही. दौलत, मला खरं सांग. शाळेत पोरं खोटं बोलतात तेव्हा एक कारण पुरत असताना दोन देतात. तुझ्या पत्रात शाईही सांडली आहे आणि तुला वेळही नाही. मला ते तेव्हाच खटकलं होतं. आजीच्या घाईत मी ते मनावर घेतलं नाही.

बकुळा

—

लालबाग
९ फेब्रुवारी १९५७

श्री. जयवंत कोंडीराम पालव यांस,

आपली ओळख नाही. ती व्हावी अशी इच्छाही नव्हती. आपला पत्ता लालबागच्या जुन्या चाळीतले वृद्ध शामराव यांच्याकडून मिळाला. ते म्हणाले, रखमा आणि तिचा मुलगा पुढे वरळीला बीडीडी चाळीत राहायला गेले.

मी कै. कोंडीराम पालव यांचा नातू. आजोबांच्या मृत्यूच्या नोंदीत खबर देणार म्हणून ‘बायको रखमा’ असं लिहिलं आहे. प्रेत पुरलं, असंही आहे. आमच्यात दहन करतात. साथीत लाकडं मिळाली नसतील म्हणून पुरलं, अशी मी मनाची समजूत घातली. पण ‘बायको’ या शब्दाची समजूत घालता येईना. म्हणून जन्माच्या वह्याही पाहिल्या. जुलै १९१७, मुलगा, नाव जयवंत, बाप कोंडीराम पालव, आई रखमा. आपला जन्म.

म्हणजे आपण नात्याने माझे काका. मी हे गावी कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. माझी आजी अडतीस वर्षं त्या माणसाची वाट बघत होती. तिला रखमाचं नाव कधी कळता कामा नये. आपणही गावाशी किंवा आमच्या घराशी संबंध सांगायला येऊ नये, एवढीच विनंती.

दौलत पालव

—

बीडीडी चाळ, वरळी
१४ फेब्रुवारी १९५७

श्री. दौलत पालव,

तुमचं पत्र वाचून माझ्या बाबांनी ते माझ्या हातात दिलं. म्हणून मी, त्यांची मुलगी, लिहिते आहे.

घाबरू नका. आम्ही तुमचे कोणी नाही.

रखमा माझी आजी. तिच्या नवऱ्याचं नाव बुधाजी कासले. तुमच्याच कातळवाडीचा. तुमचे आजोबा आणि तो लहानपणी एकत्र गुरं राखायचे. तुमचं घर गावात, आमचं वाडीबाहेर. आता समजलं असेल.

साच्यावरच्या माणसाला धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागतं. एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा तोंडाला लावतो. म्हणून त्या खात्यात महाराला घेत नसत. आमच्या माणसांनी दुसऱ्या खात्यांत कमी पगारावर राबायचं. सतरा सालच्या शिमग्याला तुमचे आजोबा गिरणी सोडून कुठेतरी गेले. जाताना त्यांनी हजेरीचा बिल्ला माझ्या आजोबाला दिला. माणसं भरणारा जॉबर नवा होता, बदली माणसांची गर्दी होती. ज्याच्या हातात बिल्ला, त्याचं नाव बिल्ल्यावरचं. बुधाजी कासले कोंडीराम पालव होऊन साच्यावर उभा राहिला. खोलीही त्याच नावाने घेतली. बाबा जन्मले तेव्हा तेच नाव लिहिलं गेलं.

साथीत आजोबा गेला. आजीचा भाऊही त्याच खात्यात असाच दुसऱ्याच्या नावावर होता. तिने खरं नाव सांगितलं असतं तर त्याला त्याच दिवशी मारून बाहेर काढलं असतं. म्हणून नवऱ्याच्या प्रेताजवळ बसून तिने परक्याचं नाव सांगितलं. पुरलं, कारण आमच्यात तेव्हा पुरत. त्या दिवसांत कोण कुणाला कुठे नेतंय हे बघायला चाळीत धड माणूस उरलं नव्हतं.

आजी दहा वर्षांपूर्वी गेली. जाईपर्यंत म्हणायची, मी त्याला दुसऱ्याच्या नावाने पुरला.

मी परळला एका प्रसूतिगृहात नर्स आहे. जन्माची माहिती रोज मीच लिहून घेते. बापाचं नाव चुकलं तर कागद फाडून नवा घेते. माझ्या बापाच्या बापाचं नाव मात्र चाळीस वर्षं चुकलेलं आहे. डिसेंबरात आम्ही धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा ‘जयवंत बुधाजी कासले’ अशी सही केली. घरी येऊन म्हणाले, लिहिलं खरं, पण विचारलं तर दाखवू काय?

आम्हाला तुमचं घर नको, गाव तर मुळीच नको. वहीतलं आजोबाचं नाव दुरुस्त व्हायला हवं. तुम्ही त्याच कचेरीत आहात.

शेवंती जयवंत कासले

—

लालबाग
२० मार्च १९५७

शेवंतीबाई,

उत्तराला महिना उलटून गेला. निवडणूक होती हे कारण आहे, आणि खरं कारण ते नाही. वरळीच्या सभेत तुमच्या चाळीतली माणसं आणि मी एकाच व्यासपीठाखाली सतरंज्या घालत होतो. कुणीतरी म्हणालं, हे जयवंतराव कासले. मी सतरंजीचं दुसरं टोक सोडून निघून आलो. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

तुमच्या वडिलांना मी जे लिहिलं त्याची लाज वाटते. क्षमा करा म्हणायलाही तोंड नाही.

पण मी एक वाईट काम करून बसलो आहे. आजीला मी लिहिलं की अग्नी दिला आणि खबर देणाऱ्याचं नाव वाचता येत नाही. तिला सवत कळू नये म्हणून. त्या पत्रावर तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, तेरावं घातलं. आता कोणत्या तोंडाने सांगू की ते सगळं दुसऱ्याच माणसासाठी झालं, आणि तुझ्या नवऱ्याचा पत्ता नाही तो नाहीच? ती फार दिवसांची सोबती नाही. ती आहे तोवर हे असंच राहू द्या. नंतर मी स्वतः अर्ज करीन.

दौलत पालव

—

बीडीडी चाळ, वरळी
२४ मार्च १९५७

श्री. दौलत पालव,

नंतर म्हणजे कधी? बाबुराव म्हणून जे तुमच्या कचेरीत वह्या सांभाळतात त्यांना मी काल भेटून आले. ते म्हणाले, इतकी जुनी नोंद बदलायची तर दोघांनाही ओळखणाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागेल. मेलेला तो नव्हे, हा होता, असं शपथेवर सांगणारं. माझी आजी गेली. चाळीतल्या शामरावांना तर तोच कोंडीराम वाटत होता. दोघांना ओळखणारं एकच माणूस जिवंत आहे, आणि ते गेल्यावर तुम्ही अर्ज करणार.

तुम्ही आजीला जपताय असं तुम्हाला वाटतं. माझ्या आजीनेही भावाला जपण्यासाठी नाव लपवलं होतं. तिला जिवाची भीती होती. तुम्हाला कसली आहे? भावकी काय म्हणेल याचीच ना? तेराव्याचं जेवण कुणाच्या नावाने जेवलो, म्हणून?

आम्हाला तुमचे पिंड नकोत. असल्या विधींशी आमचा आता संबंध नाही. सोबत टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र पाठवते. आजीला खरं सांगा आणि मग तिला जे करायचं ते करू दे. ती नाही म्हणाली तर मी पुन्हा लिहिणार नाही.

शेवंती

—

लालबाग
२८ मार्च १९५७

ती. बकुळाताईस,

तू ओळखलं होतंस. शाई सांडलेली नव्हती. अग्नीही दिला नव्हता, पुरलं होतं. खबर देणारीचं नाव रखमा, ‘बायको’ असं लिहिलेलं. आजोबांनी मुंबईत दुसरं घर केलं, असं मला वाटलं आणि मी लपवलं. तेही चूक होतं. तो माणूस आजोबा नव्हताच. सोबत शेवंती कासले यांची दोन्ही पत्रं आहेत, ती वाच म्हणजे सगळं कळेल. माझं मीच सांगायला गेलो तर पुन्हा काहीतरी झाकीन.

मी आजीच्या बांगड्या फोडल्या, ताई. घरबसल्या, एका पत्राने. आणि क्रियेलासुद्धा आलो नाही.

सोबतचा कागद टाइप केलेला आहे. त्यात लिहिलंय की माझा नवरा १९१८ साली त्या चाळीत वारला नाही, वारला तो बुधाजी कासले. आजीला वाचून दाखव. अंगठा द्यायचा की नाही ते तिच्यावर. भावकीला काय सांगायचं ते मी मे महिन्यात येऊन स्वतः सांगीन.

दौलत

—

कातळवाडी
९ एप्रिल १९५७

चि. दौलत,

तुझी पत्रं आली तेव्हा कुशाबाकाका ओटीवर बसले होते. ते जाईपर्यंत मी थांबले. मग दार लावून आजीला सगळं वाचून दाखवलं, तुझं आणि त्या मुलीचंही. एक शब्द गाळला नाही.

रखमाचं नाव आलं तशी तिने माझा हात घट्ट धरला. पूर्ण होईपर्यंत सोडला नाही. मग म्हणाली, ‘रखमाचा नाव त्या दिवशीच सांगला असता तर...’ आणि दौलत, आजी रडली. बांगड्या फोडताना रडली नव्हती ती आत्ता लहान पोरासारखी रडली. मीही रडले आणि तुझा भयंकर राग आला. अजून आहे.

तिला बिल्ल्याचं ठाऊक होतं. सतरा सालच्या शिमग्याला आजोबा गावी आले ते बोटीवर खलाशी म्हणून जायचं ठरवूनच. बिल्ला बुधाजीला दिलाय, हे त्यांनी फक्त तिला सांगितलं आणि रवळनाथाची आण घातली. बभ्रा झाला तर बुधाजीच्या जिवावर बेतेल म्हणून. पुढे निरोप आला तेव्हा तिला कळेना, मेला तो कोण? बुधाजी? की आजोबा बोटीवरून परत येऊन, बिल्ला मागून घेऊन साच्यावर उभे राहिले आणि तेच गेले? म्हणून ती विचारत राहिली, खबर कुणी दिली. रखमाने दिली असेल तर बुधाजी. पुरलं असेल तर बुधाजी. एवढ्या दोन गोष्टी तिला हव्या होत्या. तू नेमक्या त्याच दोन लपवल्यास.

मी विचारलं, बुधाजीच्या घरी कधी चौकशी का नाही केलीस? ती म्हणाली, निरोप आल्यावर एकदा त्यांच्या वाडीच्या टोकापर्यंत गेले होते. बुधाजीची म्हातारी आई अंगणात उभी होती. लोक बघतील म्हणून तशीच मागे फिरले. चार दिवसांनी म्हातारीही तापाने गेली. ‘चार पावलां होती गो,’ म्हणाली. हे तिने दोनदा सांगितलं.

मग मी भीत भीत कागद काढला. तिला वाटू नये की आपण बळजबरी करतोय, म्हणून म्हटलं, आजी, आजोबा आता हयात असतील असं काही नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. म्हणाली, ‘तो मेलो असतलो. ता माकाय कळता. पण ह्या कागदार नाय मेलो. ह्या कागदार बुधाजी मेलो. तेचा तेका देऊन टाक.’

शाळेतून शाईचा पॅड आणला. पोस्टमास्तर साक्षीला आले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, राधावैनी, भावकीत बोंब होईल. आजी म्हणाली, बोंब मारणाऱ्यांनी तेराव्याक जेवून घेतला हा. डाव्या हाताचा अंगठा तिने स्वतः टेकवला. माझ्या हाताचा आधारही घेतला नाही. ठसा स्वच्छ आला आहे, बघ.

अंगठा पुसायला मी राकेलचा बोळा आणायला उठले. वळून बघते तर तिने तो शाईचा अंगठा कपाळावर टेकवला होता, कुंकवाच्याच जागी. मी धावले तर माझा हात धरला. ‘ऱ्हवांदे,’ म्हणाली. ‘ह्या कुंकू न्हय, शाई आसा. ही पुसूक कोण येवचो नाय.’

त्याला आज तीन दिवस झाले. भावकीतल्या बायका येऊन बघून जातात. आजी दोन घास जेवते आहे.

कागद सोबत आहे. तू पोस्टाने पाठवू नकोस. वरळीला स्वतः जा आणि जयवंतरावांच्या हातात दे. त्यांना म्हणावं, राधाने दिलाय.

बकुळाताई